प्रति: जुन्या ट्रॅक्टरसाठी घरची पेंटिंग शेड
ट्रॅक्टरला घरीच स्प्रे पेंट मारायला कंप्रेसर किती अश्वशक्तीचा घ्यावा, यावर या चर्चेत बराच खल झालाय, पण आमच्या इंदूरला खरा ताप हवेतल्या पाण्याचा. जुलै-ऑगस्टात एनसी (नायट्रोसेल्युलोज, थिनर उडून वाळणारा) पेंट मारलात तर थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर दव धरतं आणि बॉनेट पांढुरकं दिसतं. कंप्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी रोज सोडा. वॉटर सेपरेटर (हवेतलं पाणी वेगळं काढणारा फिल्टर) कंप्रेसरला चिकटून नको, स्प्रे गनच्या बाजूला लावा. पाइपात हवा गार झाल्यावरच पाणी सुटतं. जमलं तर काम दिवाळीनंतरच काढा.

हार्डनर (पेंट कडक करणारं रसायन) मिसळायच्या पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन पेंटात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, तिथे तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. बाहेरची ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. तो परवडत नसेल तर हार्डनर न घालता साधं सिंथेटिक इनॅमल मारा, ट्रॅक्टर काही वरातीत मिरवायचा नाही! आणि शेडमधली वाफ बाहेर काढायला घरगुती एक्झॉस्ट फॅन मुळीच नको, मोटरच्या ठिणगीने थिनरची वाफ पेटू शकते.