मदत हवी आहे : भूशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या भाचीने पुरातत्त्वाकडे वळावे काय?

सर्वांना नमस्कार.

आमचे शेतकरी कुटुंब कुही तालुक्यातील (जि. नागपूर) असून, माझ्या भाचीने यंदा भूशास्त्र विषय घेऊन बी.एस्सी. पूर्ण केले आहे. तिला पुढे पुरातत्त्व शिकायचे आहे. आदम या प्राचीन वस्तीचे उत्खनन आमच्याच तालुक्यात झालेले असल्याने हा विषय घरात अगदीच परका नाही. पांढरीत (जुन्या वस्तीच्या टेकाडात) नांगराला खापरे आणि क्वचित मणी लागतात, आणि तीच पांढरी माती शेतात टाकण्यासाठी ट्रॅक्टरने उचलून नेतात, हे आम्ही पाहत आलो आहोत. भाचीचे म्हणणे असे की, धरण, कालवा किंवा महामार्ग होण्याआधी अशा जागांची पाहणी आणि नोंद करण्याचे काम परदेशात खासगी कंपन्या करतात, तेव्हा इथेही त्या नोकऱ्या निघतीलच. तिच्या वडिलांना मात्र तिने एम.एस्सी. करून उमरेडकडच्या कोळसा खाणीत नोकरी पाहावी असे वाटते.

असे काम आपल्याकडे खरोखर मिळते काय, आणि पुरातत्त्वाकडे जायचे तर भूशास्त्र सोडावे लागेल काय, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद :

आपल्या भाचीची माहिती बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. अमेरिकेत १९६६ च्या कायद्यामुळे, ज्या प्रकल्पात केंद्र सरकारचा पैसा किंवा परवानगी असते, त्या प्रकल्पाचा ऐतिहासिक स्थळांवर काय परिणाम होईल हे आधी तपासावे लागते, आणि कंपन्यांचा तो व्यवसाय या सक्तीवर उभा आहे. आपला १९५८ चा कायदा मुख्यतः संरक्षित म्हणून घोषित झालेल्या स्मारकांना आणि स्थळांना लागू होतो; २०१० च्या दुरुस्तीनुसार त्यांच्यापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीची अट आहे. तुमच्या गावची पांढर घोषित नसेल, तर तिला हे संरक्षण नाही. बुलढाणा जिल्ह्यातील भोन येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात प्राचीन स्तूप सापडला, तरी ते स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात गेले. शिवाय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीशिवाय उत्खनन करता येत नाही आणि ती परवानगी प्रामुख्याने शासकीय विभागांना व विद्यापीठांनाच मिळते. त्यामुळे खासगी नोकरीच्या भरवशावर या क्षेत्रात येऊ नये. नोकऱ्या आहेत त्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण या केंद्रीय खात्यात, राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयात, विद्यापीठांत आणि संग्रहालयांत. पण जाहिराती अनियमित निघतात, आणि दरम्यानच्या काळात प्रकल्पांवरील कंत्राटी कामावर भागवावे लागते.

भूशास्त्र मात्र मुळीच सोडू नये. तुमच्याच जिल्ह्यात नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, माहुरझरीला मौल्यवान दगडांचे मणी सापडले. तिथला मळीचा (लोखंड गाळताना उरलेल्या कचऱ्याचा) खडा किंवा मण्याचा दगड कुठून आला, आणि नदीकाठचा मातीचा थर पुराने साचला की वस्तीने, हे सांगायला भूशास्त्रज्ञच लागतो, आणि इतिहासाकडून आलेल्या विद्यार्थ्यांत असे फार थोडे असतात. ग्रेटर नोएडा येथील पुरातत्त्व संस्थेच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदविकेला प्लायस्टोसीन (हिमयुगांच्या) काळाचे ज्ञान असलेले भूशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थीही पात्र ठरतात. जागा मोजक्याच असतात, हे लक्षात ठेवावे. माझे स्पष्ट मत असे की, तिने भूशास्त्रातच एम.एस्सी. करावे, त्यात प्लायस्टोसीन आणि गाळाचा अभ्यास निवडावा, आणि हिवाळ्यात एखाद्या उत्खननाच्या छावणीत विद्यार्थी म्हणून राहून पाहावे. अशाने वडिलांचा खाणीचा मार्गही बंद होत नाही. एवढी वाट पाहायची नसेल, तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये विज्ञान शाखेच्या पदवीधरालाही पुरातत्त्वाच्या एम.ए.ला प्रवेश मिळतो. नागपूर विद्यापीठातही प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व हा विभाग आहे, आणि तो घराजवळ पडेल.

आपण मण्यांचा उल्लेख केला म्हणून सांगतो : जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार बंधनकारक आहे.

तिला शेवटच्या वर्षी भूशास्त्राचे कोणते पेपर होते, ते येथे कळवल्यास एम.एस्सी.साठी विद्यापीठ निवडण्याविषयी अधिक नेमके सांगता येईल.