बिअरच्या इतिहासाचे अभिलेखागार: यात अभिलेखपालाचे काम नेमके कोणते?

दप्तरवाचक:
नमस्कार. मी पुण्यात एका संस्थेच्या जुन्या कागदपत्रांची सूची करते. अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठात 2013 साली हॉप्स आणि बिअरनिर्मितीच्या इतिहासासाठी स्वतंत्र अभिलेखागार सुरू झाले आणि टिया एडमन्सन-मॉर्टन या अभिलेखपाल बाईंनी ते उभे केले, हे वाचून कुतूहल वाटले. एका प्रांतातील बिअरचा इतिहास जपण्यात एखाद्याची अनेक वर्षे जावीत, इतके त्यात काय असते? लेबले आणि जाहिराती जमवणे हा तर छंद झाला.

विलॅमेटकाठ:
मी ओरेगनमध्ये राहतो. तुमचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर शेतापासून सुरू होते. इथल्या विलॅमेट खोऱ्यात एकोणिसाव्या शतकापासून हॉप्सचे मळे आहेत. बिअरला कडवटपणा आणि गंध देणारी ही वेलीवरची फुले खुडण्यासाठी, यंत्रे येण्यापूर्वी, मूलनिवासी, चिनी मजूर आणि शहरांतली कुटुंबे हंगामात मळ्यांवर मुक्कामाला येत. त्यांचा इतिहास हजेरीपटांत, छायाचित्रांत आणि मळेवाल्यांच्या संघटनांच्या इतिवृत्तांत सापडतो.

त्यानंतर येते प्रयोगशाळा. 1956 साली गोळा केलेल्या बियांतून पुढे आलेले हॉप्सचे कॅस्केड हे वाण 1972 साली प्रसारित झाले आणि पेल एल या फिकट रंगाच्या बिअरच्या अमेरिकी प्रकाराला लिंबूवर्गीय गंधाची ओळख बऱ्याच अंशी त्यानेच दिली. मधली सोळा वर्षे संशोधकांच्या वह्यांतच वाचता येतात. शिवाय ओरेगनमध्ये राष्ट्रीय बंदीच्या चार वर्षे आधी, 1916 मध्येच दारूबंदी लागू झाली होती, तर एकाच जागी बिअर तयार करून विकण्याची मुभा 1985 च्या कायद्याने मिळाली; या दोन्ही वळणांचे कागद जपावे लागतात.

सगळ्यात अवघड काम मात्र माणसांकडे जाण्याचे असते, असे माझे मत आहे. लहान ब्रुअरी चालवणाऱ्याला आपली पहिली कृतीवही किंवा बँकेशी झालेला पत्रव्यवहार म्हणजे इतिहास आहे असे वाटतच नाही, आणि जागा बदलताना ते सारे रद्दीत जाते. म्हणून अभिलेखपाल आधी विश्वास मिळवतो, मुलाखती ध्वनिमुद्रित करतो आणि मगच खोक्यांविषयी विचारतो.

जुनीलेबले:
लेबलांना छंद म्हणून बाजूला सारू नये, एवढी विनंती आहे. अमेरिकेत 1935 ते 1950 या काळात बिअरच्या बाटल्या-डब्यांवर केंद्रीय महसूल कर भरल्याचा मजकूर छापणे बंधनकारक होते. त्यामुळे तारीख नसलेल्या लेबलाचाही काळ त्या एका ओळीवरून ठरवता येतो. जपणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर लेबल नुसते चित्र ठरते.

दप्तरवाचक:
आपण दोघांनी दिलेल्या उत्तरांमुळे माझा समज बदलला. आपल्याकडेही 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यासारख्या कायद्यांमुळे मद्याविषयीचा सरकारी व्यवहार कागदावर आला. पण तो परवाने आणि करवसुलीच्या नजरेतून. माडी काढणाऱ्यांची किंवा भट्टी लावणाऱ्यांची बाजू त्यात कितपत येणार?

विलॅमेटकाठ:
फारच थोडी, आणि म्हणूनच मुलाखतींना पर्याय नाही. कोकणात माडावर चढणारी वयस्कर माणसे अजून आहेत. ध्वनिमुद्रक घेऊन आधी त्यांच्याकडे जा, सरकारी दप्तर थांबू शकेल.