मॉरिशस ते रॉड्रिग्ज : विमानतळ ते विमानतळ किती वेळ लागतो? आपले अनुभव लिहावेत

मॉरिशसच्या प्लेझान्स विमानतळापासून रॉड्रिग्ज बेटावरील प्लेन कोराय विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर असून एटीआर जातीचे पंख्यांचे विमान ते साधारण दीड तासात कापते. मात्र वृद्ध आईवडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन निघणाऱ्यास घराच्या उंबऱ्यापासून मुक्कामापर्यंतचा हिशेब हवा असतो. ज्यांनी हा प्रवास केला आहे, त्यांनी महिना, हवामान आणि खोळंबा यांसह सविस्तर लिहावे. शेजारच्या रियुनियनचे अनुभवही चालतील.

कात्र बोर्नहून, मराठीच्या शिक्षिका

आमच्या घरी रॉड्रिग्जचे अंतर दिवसांत मोजले जाई, कारण आजोबा नोकरीनिमित्त तेथे गेले तेव्हा विमान नव्हते आणि बोट हाच एकमेव मार्ग होता. त्यामुळे जुलैमध्ये मी सकाळी निघून दुपारचे जेवण रॉड्रिग्जला घेतले, तेव्हा मला आजोबांची फार आठवण झाली. त्या महिन्यांत आग्नेयेचे वारे जोरात असतात. पूर्वेकडे जाताना ते काहीसे समोरून येत असल्याने आम्हाला जाण्यास परतीपेक्षा सुमारे दहा मिनिटे अधिक लागली. प्लेन कोराय बेटाच्या नैऋत्य टोकाला आहे आणि पोर्ट माथुरिन हे मुख्य गाव उत्तर किनाऱ्यावर, म्हणून उतरल्यानंतर डोंगरातील वळणावळणाच्या रस्त्याने आणखी अर्धा-पाऊण तास धरावा. परत येताना तेथील बारीक मिरच्यांचे लोणचे आणि मध अवश्य आणावा, परंतु लहान विमानात सामानाच्या वजनाची मर्यादा काटेकोर असते, हे आधीच ध्यानात ठेवावे.

पुण्याहून

मुंबईहून मॉरिशसला सहा तासांच्या आसपास लागले आणि पुढचे विमान आम्ही त्याच दिवशीचे घेतले, ही आमची चूक झाली. पहिल्या विमानाला उशीर झाला, दुसरे निघून गेले, आणि सत्तर वर्षांच्या सासूबाईंना रात्र अनोळखी गावी काढावी लागली. मध्ये एक मुक्काम ठेवावा, असे मी कळकळीने सांगेन.

पोर्ट लुईहून

मी कामासाठी रियुनियनला वारंवार जातो. अंतर अवघे २३० किलोमीटर आणि उड्डाण पाऊण तासाचे. पण रियुनियन हा फ्रान्सचा भाग असल्याने पारपत्र तपासणी दोन्हीकडे होते. पोर्ट लुई ते प्लेझान्स हा तासाभराचा रस्ता आणि विमानतळावरील दोन तास धरले, तर हवेतल्या वेळेच्या चौपट वेळ जमिनीवर जातो. रॉड्रिग्ज अडीचपट दूर असूनही देश एकच असल्यामुळे तो प्रवास मला कमी दगदगीचा वाटतो.

वाक्वाहून

फेब्रुवारीत गेलेल्या माणसाचाही अनुभव असू द्यावा. नोव्हेंबर ते एप्रिल हे चक्रीवादळांचे महिने आहेत. आम्ही पोर्ट माथुरिनला असताना धोक्याचा इशारा वाढत गेला, विमाने थांबली आणि दीड तासाच्या परतीसाठी आम्हाला तीन दिवस थांबावे लागले. घरमालकीणबाईंनी खिडक्यांना फळ्या ठोकल्या आणि रोज लाल घेवड्याची उसळ रांधून आमच्यापुढे ठेवली. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र दुसऱ्या दिवशीच संपल्या. त्या महिन्यांत जाणाऱ्यांनी औषधे आठवडाभराची जास्त घ्यावीत आणि ती हातातल्या पिशवीतच ठेवावीत.