स्थलांतरित कुटुंबांच्या औषधी वनस्पतींची नोंद कशी ठेवावी?

प्रश्न:
नमस्कार. मी परदेशात एका दवाखान्यात परिचारिका आहे. आमचे बहुतेक रुग्ण निरनिराळ्या देशांतून येऊन इथे स्थायिक झालेले आहेत. 'कोणती औषधे घेता?' असे विचारले की ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची नावे सांगतात. घरातल्या पाल्याचा किंवा सालीचा उल्लेखही करत नाहीत. गेल्या आठवड्यात मात्र एका आजींनी रुमालाची गाठ सोडली, आतली वाळकी पाने बोटांत चुरडली आणि माझ्या नाकाशी धरली. वास उग्र, कापरासारखा होता. त्यांनी सांगितलेल्या नावावरून मला काहीच शोधता आले नाही. अशी नोंद नीट ठेवायची असेल, तर सुरुवात कोठून करावी?

पहिला प्रतिसाद:
आधी प्रश्न बदला. रोजच्या जेवणात किंवा काढ्यात जे पडते त्याला कोणी औषध म्हणत नाही, म्हणून 'बरे वाटत नसले की घरी काय करता?' असे विचारा. १९७९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधील एका दक्षिण आशियाई स्त्रीची हकिगत आली होती: मधुमेहासाठी ती क्लोरप्रोपामाइड घेत होती, आणि जेवणातल्या कारल्यामुळे त्या गोळीचा परिणाम वाढला होता. भाजी म्हणून खाल्लेली गोष्ट कोण कशाला सांगेल? म्हणून उत्तरासोबत वनस्पतीचा कोणता भाग, किती, किती दिवस आणि कोणत्या गोळीबरोबर, हेही लिहून घ्यावे.

दुसरा प्रतिसाद:
नावावर मुळीच विसंबू नका. नव्या देशात ओळखीचे झाड मिळाले नाही की माणसे वासाने किंवा चवीने जवळचे झाड शोधतात आणि जुनेच नाव त्याला देतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या मिश्रणात 'फांग जी' या चिनी नावाच्या गोंधळातून स्टेफानिया या वनस्पतीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया ही दुसरीच वनस्पती गेली आणि शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडे कायमची बिघडली. नमुना हाती असल्याशिवाय नोंद पुरी झाली असे मी मानत नाही.

तिसरा प्रतिसाद:
डॉक्टर परवडत नाही म्हणून लोक पाला वापरतात, असे गृहीत धरू नये. नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेल्या सुरिनामी (दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम देशाच्या) लोकांना आरोग्यविम्याचे संरक्षण आहे, तरीही सुरिनामहून विमानाने येणारी ताजी पाने अ‍ॅमस्टरडॅममध्ये विकली जातात, आणि त्यांतली बरीच आजारापेक्षा स्नानासाठी, स्त्रियांच्या आरोग्यासाठी व मनःशांतीसाठी घेतली जातात. या वापराचा मान राखून विचारले, तरच खरे उत्तर मिळते.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. आजी मंगळवारी पुन्हा येणार आहेत. त्यांच्या कुंडीतली एक फांदी मागितली तर चालेल का?

दुसरा प्रतिसाद:
अवश्य मागा. फूल किंवा फळ असलेली फांदी मिळाल्यास उत्तम. ती वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवा. एक पान उलटे ठेवा, म्हणजे दोन्ही बाजू दिसतील, आणि आजींचा शब्द त्यांच्याच उच्चाराप्रमाणे तारखेसह लिहा. नंतर ती जवळच्या वनस्पतिसंग्रहालयात दाखवा.