ट्रॅकवर हौसेने गाडी चालवल्यास विमा लागू होतो का?

प्रश्न (कोथरूड): कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवण्याचा विचार आहे. शर्यत नाही, केवळ हौस; तरी गाडी कठड्यावर आदळली, तर सर्वसमावेशक विम्यातून भरपाई मिळेल का?

उत्तर: पॉलिसीतील ‘वापराच्या मर्यादा’ वाचाव्यात. त्यांत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी सहसा वगळलेली असते. आपण त्यास शर्यत म्हटले नाही, तरी कंपनी वेगचाचणी म्हणून दावा नाकारू शकते. झीरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारे जादा संरक्षण) घेतल्याने हे कलम बदलत नाही.

प्रश्नकर्ता: पाहिले. तिसऱ्या पानावर, भिंग लागेल अशा अक्षरांत, तेच शब्द आहेत.

दुसरे उत्तर: मग कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्यावे, एजंटाच्या ‘होऊन जाईल साहेब’वर विसंबू नये.