मदत हवी आहे: पॅराग्लायडिंगच्या स्पर्धेत उडताना आपला इन्शुरन्स चालतो का?

मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण कृपया पूर्ण वाचा, कारण 'एजंटला विचार' हे उत्तर नकोय, एजंटला विचारून झालंय, तो म्हणतो सगळं कव्हर आहे मॅडम, आणि लिहून दे म्हटलं की फोन उचलत नाही.

मी सहा वर्षं कामशेतला उडतेय. शिंदेवाडीला शिकले, आता टॉवर हिलवरून थर्मल (वर चढणारी गरम हवा) मिळालं की दोन-दोन तास वर असते. गेले दोन सीझन हिमाचलला बीरला पण जाऊन आले, बिलिंगचा टेकऑफ साधारण २४०० मीटरवर, मागे सगळी धौलाधारची रांग, २०१५ मध्ये वर्ल्ड कप झाला तीच जागा. या ऑक्टोबरमध्ये तिथल्या क्रॉस कंट्री (लांब पल्ल्याच्या) स्पर्धेत पहिल्यांदाच नाव घालायचंय. तर एन्ट्री फॉर्मवर तीन गोष्टींचा पुरावा मागितलाय, हॉस्पिटल आणि अपघाताचं कव्हर, हेलिकॉप्टरसकट रेस्क्यू, आणि थर्ड पार्टी, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मी घरातल्या पॉलिस्या काढून पहिल्यांदाच शेवटच्या पानापर्यंत वाचल्या आणि त्या दिवसापासून डोकं चालेनासं झालंय.

मेडिक्लेममध्ये एक्सक्लूजन (काय कव्हर नाही त्याचं कलम) कोड ०९ आहे. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी ठरवून दिलेली भाषा आहे ती, त्यामुळे तुमच्याही पॉलिसीत असणार. त्यात म्हटलंय की धोकादायक किंवा साहसी खेळात 'प्रोफेशनल' म्हणून भाग घेतल्यामुळे जे उपचार लागतील त्याचा खर्च मिळणार नाही. यादीत गिर्यारोहण, राफ्टिंग, स्काय डायव्हिंग वगैरे आहे, पॅराग्लायडिंग हा शब्द नाही पण 'एवढ्यापुरतंच मर्यादित नाही' असं आधीच लिहून ठेवलंय. आता मी आयटीत नोकरी करते, उडण्यातून एक रुपया कमवत नाही. पण स्पर्धेत बक्षिसाची रक्कम आहे आणि मी फी भरून नंबरासाठी उडणार, मग मी प्रोफेशनल होते का?

पर्सनल अ‍ॅक्सिडेंटची पॉलिसी वेगळी घेतलेली, तिथे तर सरळच लिहिलंय की विमानकंपनीच्या विमानात तिकीट काढून बसलेला प्रवासी सोडला तर हवेत उडण्याशी संबंधित कुठलाच अपघात चालणार नाही. म्हणजे स्पर्धा सोडा, गेली सहा वर्षं कामशेतलाही ही पॉलिसी माझ्या काहीच कामाची नव्हती आणि मी दर वर्षी न चुकता हप्ता भरत होते.

एवढं खोलात शिरायचं कारण म्हणजे आमच्या ग्रुपमधला एक दादा. गेल्या मार्चमध्ये लँडिंगला वारा फिरला, विंग (पॅराग्लायडरचा कापडी पंख) खाली आली आणि तो बसल्या अवस्थेत आपटला, कंबरेच्या एल-वन मणक्याला फ्रॅक्चर. हॉस्पिटलच्या पेपरवर पॅराग्लायडिंग लिहिलेलं बघून कॅशलेस नाकारलं, मग क्लेमही नाकारला, कारण फक्त 'साहसी खेळ'. तो हौशी पायलट आहे, स्पर्धेत कधी उतरलेला नाही. तिथे एकाने त्याला सुचवलं होतं की बाईकवरून पडलो असं सांग. त्याने नाही सांगितलं आणि मला त्याचा अभिमान वाटतो, पण वहिनींनी एफडी मोडून बिल भरलं हेही मी बघितलंय. माझी मुलगी आठ वर्षांची आहे.

थर्ड पार्टीचं तर मला काहीच सापडत नाहीये. स्पर्धेत एका थर्मलमध्ये वीस-तीस जण एकत्र फिरत असतात, कोणाच्या विंगमध्ये अडकले तर माणसाचं काय आणि चार-पाच लाखांच्या विंगचं काय? ब्रिटनमध्ये बीएचपीए या तिथल्या पॅराग्लायडिंग संघटनेचं सभासदत्व घेतलं की थर्ड पार्टी त्यातच येतं. आपल्याकडे स्पर्धेत उडणारे लोक काय दाखवतात? आणि टर्म प्लॅन मी उडायला लागायच्या आधीचा आहे, त्याला आता काही कळवावं लागतं का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनीच सांगा प्लीज.

प्रतिसाद १

ताई, मी क्लेम्समध्ये अकरा वर्षं काम केलंय. कोड ०९ मध्ये 'प्रोफेशनल' हा शब्द आहे तोच तुमचा आधार. शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर पॉलिसीधारकाच्या बाजूने घ्यायचा हे कोर्टांनी अनेकदा धरलंय. पण भांडण नंतर करण्यापेक्षा आत्ताच कंपनीच्या अधिकृत मेलवर लिहा की मी हौशी आहे, नोकरी ही आहे, अमुक तारखांना स्पर्धेत उडणार, कव्हर आहे की नाही लेखी कळवा. एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपला काही अर्थ नाही. आणि अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्सचं अ‍ॅड-ऑन कोणी विकायला आलं तर 'प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली' हे शब्द आहेत का बघा, बऱ्याच ठिकाणी असतात. टँडमला, म्हणजे पायलटसोबत, बसणाऱ्या टुरिस्टला ते चालतं, तुम्ही एकट्या चाळीस किलोमीटर लांब जाणार, तिथे कोणाची देखरेख?

टर्म प्लॅनमध्ये प्रपोजल भरताना खरं सांगितलं असेल आणि तीन वर्षं उलटली असतील तर विमा कायद्याच्या कलम ४५ मुळे माहिती लपवली म्हणून पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. अ‍ॅक्सिडेंट रायडर (पॉलिसीला जोडून घेतलेलं जादा कव्हर) असेल तर तो वेगळा वाचा, त्यात उडणं बहुतेक वगळलेलं असतं.

त्या दादांना सांगा, कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, महिन्याभरात समाधान नाही झालं तर विमा लोकपाल. पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, फक्त नकाराच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत जावं लागतं.

धागाकर्ती

खूप खूप आभार. दादाला आत्ताच फोन केला, नकाराचं पत्र जूनचं आहे म्हणजे वेळ आहे, त्याला एक वर्षाचं हे माहीतच नव्हतं. मी आज मेल टाकते, उत्तर आलं की इथेच लिहीन. आणि पर्सनल अ‍ॅक्सिडेंटमध्ये उडणं जादा हप्ता घेऊन सामील करून मिळालंय असं कोणी आहे का इथे? लेखी उत्तर येईपर्यंत मी एन्ट्री फी भरत नाहीये.