"दे. गौ." : दादांच्या वहीतली दोन अक्षरं (तुमचेही अनुभव लिहा)

नगरची लेक
काल माळा आवरताना दादांची भजनांची वही सापडली. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात "दे. गौ.", म्हणजे देवाला गौरव. दादा आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) 31 वर्षं पेटी वाजवायचे. उपासना संपली की लोक "आज काय वाजवलंत!" म्हणत जवळ यायचे, तोवर ते पेटीवर कापड घालायला लागलेले असायचे.

सहावीत असताना नाताळात मी रेव्हरंड टिळकांचं भजन एकटीने गायले. टाळ्या पडल्या, माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. दादा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सायकलला पेटी बांधली, मला अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीकडे नेलं आणि म्हणाले, "कालचंच गा." खोलीत गोवऱ्यांचा धूर. ऐकायला ती एकटी. तिसऱ्या कडव्याला तिने थरथरत हात जोडले, माझ्याकडे न बघता, वर आढ्याकडे बघत. तेव्हा कळलं भजन कुणासाठी असतं ते.

तुमच्याकडे असं कोणी होतं का?

वसईवाली
आमचे आबा (सासरे). येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) फादर बारा जणांचे पाय धुतात, त्यात एका वर्षी आबांचं नाव आलं. आदल्या रात्री वजरी घेऊन टाचा घासत बसले. जन्म केळीच्या वाडीत गेला, भेगांतली माती निघते होय! फादरांनी वेदीपुढे गुडघे टेकून पाय धुतला, पुसला, ओठ टेकवले आणि आबा हमसून रडले. त्यानंतर वाडीतल्या गड्याला त्यांनी कधी अरे-तुरे केलं नाही. 2013 ला पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये तुरुंगातल्या मुलामुलींचे पाय धुतले, ते टीव्हीवर बघून आबा म्हणाले, "बघ, त्यांनाही वाकावं लागतं."
भाजी करपतेय, नंतर येते.

पियानोवाला
दे. गौ. वाचून अंगावर काटा आला! जर्मन संगीतकार बाख आपल्या हस्तलिखितांच्या शेवटी एस. डी. जी. लिहायचा. लॅटिनमध्ये अर्थ तोच, फक्त देवाला गौरव.

आठवी ब
आम्ही जेझुइट (येशूसंघी) फादरांच्या शाळेत पानाच्या वर ए. एम. डी. जी. लिहायचो, देवाच्या अधिक गौरवासाठी. मी हिंदू, तरी सवय राहिली. आजही बँकेत नवी डायरी काढली की हात आपोआप वरच्या कोपऱ्यात जातो.

भाऊ_सोलापूर
वेगळं लिहितो, राग मानू नका. आमच्या घरी पहिला नंबर आला की "देवाची कृपा", नापास झालो की "तुझा आळस". शाबासकी कधी मिळालीच नाही. देवाला गौरव देताना लेकराच्या पाठीवर हात ठेवायला कुठे बंदी होती?

नगरची लेक
भाऊ, राग कसला. वाचून वाईट वाटलं. त्या म्हातारीकडून परतताना दादांनी मला गुळाची जिलबी घेऊन दिली होती, ते लिहायचं राहिलं. शब्दांनी नाही केलं कौतुक, पण केलं.

केडगावची नात
माझी पणजी 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून मुक्तीत, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात आली. पुढे तिथल्याच छापखान्यात खिळे जुळवायची. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत केलेलं बायबल त्या पोरींनी जुळवलं. बाई 1922 ला गेल्या, पण शेवटपर्यंत प्रुफं तपासत होत्या. पणजीचं नाव कुठे छापलेलं नाही. आजी सांगायची, विचारलं की पणजी नुसती पुस्तक उघडून दाखवायची.

मिरजेची सिस्टर
नाइट ड्यूटीवरून लिहितेय. आमचे एक जुने सर्जन ऑपरेशनआधी प्रार्थना करायचे. नातेवाईक पाया पडायला वाकले की दंड धरून उठवायचे, "त्याचे आभार माना. आणि गोळ्या वेळेवर द्या, ते काम तुमचं!"
लेकी, पेटी आहे का अजून?

नगरची लेक
आहे ना. पण भाता उंदरांनी कुरतडलाय, दोन सूर मुके.

मिरजेची सिस्टर
आमच्याकडे सतारमेकर गल्लीत तंबोरे, सतारी होतात. पेटीवाला कोण चांगला ते विचारून सांगते.

वसईवाली
वहीत कडुलिंबाचा पाला ठेवा गं, कसर लागेल. आणि आधी फोटो काढा सगळ्या पानांचे.

भाऊ_सोलापूर
आज लेकीचा दहावीचा निकाल होता. 71 टक्के. आधी पाठ थोपटली, मग दोघांनी बसून प्रार्थना केली. जिलबी आणायला निघालोय.